स्टीअरिंग ऑइलचे ₹६५०, आणि या गाडीत स्टीअरिंग ऑइल नसतंच

बिल समोर ठेवूनच लिहितोय. बिल कसलं, पावतीपुस्तकातलं पिवळं पान. गॅरेजचा शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही. गाडी मारुती स्विफ्ट, पेट्रोल, २०१२ ची, १,१८,००० किलोमीटर चाललेली. तक्रार एकच: खडबडीत रस्त्यावर पुढून डावीकडून खट-खट.

त्या एका खट-खटीवर लागलेला हिशोब असा. पुढचे शॉकअप, जोडी ₹६,९००. टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक धरणारी रबरी बैठक) बेअरिंगसह, जोडी ₹१,५६०. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), जोडी ₹३,९००. रिकंडिशन केलेला स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) ₹११,५००. टाय रॉड एंड (रॅकचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), जोडी ₹९६०. पॉवर स्टीअरिंग ऑइल ₹६५०. अलाइनमेंट-बॅलन्सिंग ₹९००. मजुरी ₹४,५००. एकूण ₹३०,८७०. आणि गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडून पहिल्या खड्ड्यात गेली तेव्हा डावीकडून आवाज आला. खट-खट. तोच.

आता सहावी ओळ पुन्हा वाचा. पॉवर स्टीअरिंग ऑइल.

या गाडीचं पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. मोटर डॅशबोर्डच्या खाली, स्टीअरिंग कॉलमवर बसलेली असते. पंप नाही, पंपाचा पट्टा नाही, तेलाची नळी नाही, बॉनेटखाली तेलाचा डबा नाही. तेल भरायचं म्हटलं तरी भरणार कुठे? आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. चांगलं माहीत होतं. तरीही ती ओळ डोळ्यांखालून गेली, आणि ₹१०,००० आगाऊ दिलेले वजा करून उरलेले ₹२०,८७० यूपीआयने याच बोटांनी पाठवले. पैसे घेणाऱ्याच्या जागी गॅरेजचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. तेही दिसलं. एकाच मिनिटात दोन धोंडे पायावर पडले आणि पाय काही हलला नाही.

स्वतःची बाजू मांडायचीच तर एवढीच, की दोनच ओळी वर रॅक होता आणि रॅकच्या मागोमाग ऑइल लिहिलेलं खपून जातं. लिहिणारा कच्चा नव्हता. शिवाय गणपती तीन दिवसांवर, ताम्हिणीतून कोकणात उतरायचं, गाडीत म्हातारी माणसं. अशा वेळी कुणी हळू आवाजात म्हणालं, "साहेब, बॉल जॉइंट घाटात सुटला तर चाक आडवं पडतं, मी माझी गाडी असती तर नेली नसती," तर माणूस वाद घालत नाही. हे वाक्य खोटं नाही, हीच त्यातली मेख. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा सांधा, खरंच सुटला तर चाक खरंच आडवं पडतं. खोटं एवढंच होतं की या गाडीचा बॉल जॉइंट ढिला झालेला नव्हता.

"पावसाळी मोफत तपासणी"चे फलक कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात नवीन काही नाही. नवीन असलंच तर या गॅरेजनं दाखवलेली प्रात्यक्षिकं, म्हणून ती नीट सांगतो.

पहिलं, शॉकअपची गळती. चाकामागे बॅटरी मारून दाखवलं, शॉकअपची नळी तेलानं चकचकतेय. खरी गळती अशी दिसत नाही. सीलमधून तेल महिनोनमहिने झिरपतं, त्यावर धूळ बसते, आणि वरून खाली काळसर, चिकट लेप तयार होतो. स्वच्छ, ओलं, चमकणारं तेल, आणि तेही नळीच्या मधोमध, म्हणजे कुणीतरी ब्रश किंवा स्प्रे मारलाय. असं दाखवलं तर तिथेच फडक्यानं पुसायला लावा आणि गाडी घेऊन निघा. शंभर-दोनशे किलोमीटरनं परत बघा. खरी गळती असेल तर ओल पुन्हा येते. नुसता तेलकट ओलावा, थेंब नाही, एवढ्यावर शॉकअप बदलत नाहीत.

दुसरं, चाक हलवून दाखवणं. गाडी लिफ्टवर, चाक अधांतरी. मिस्त्री चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरतो, डावं-उजवं हलवतो, चाक हलतं. "बघा, रॅक गेलाय." अहो, स्टीअरिंग मोकळं असेल तर चाक हलणारच, वळण्यासाठीच ते बसवलंय! पलीकडचं चाकही त्याच वेळी हलताना दिसतं, पण तिकडे कोण बघतो. खरी तपासणी अशी: आत एकानं स्टीअरिंग घट्ट धरायचं, बाहेर दुसऱ्यानं चाक हलवायचं, आणि एक हात टाय रॉड एंडवर ठेवायचा. टकटक हाताला त्या जॉइंटमध्ये लागली तर एंड गेला. रॅकच्या रबरी बुटाच्या, म्हणजे आवरणाच्या, आत लागली तर आतला जॉइंट. दोन्हीकडे नाही, तर काही नाही.

बारा आणि सहाच्या जागी धरून हललं तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंटची आणखी पक्की परीक्षा म्हणजे टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून चाक वर उचलून बघणं. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि आर्म यांच्यामध्ये वर-खाली हालचाल दिसली तर आर्म बदलायचा. यातलं काहीही तिथे केलं नाही. मीही करायला लावलं नाही, हे लिहिताना आत्ताही कान गरम होतात.

तिसरं प्रात्यक्षिक कोपरा दाबून गाडी डोलवण्याचं. गाडी दाबून सोडल्यावर एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डोलली तर मेलेला. माझी गाडी एकदाच वर आली. मिस्त्री म्हणाला, "बघितलंत?" मी मान हलवली. काय बघितलं होतं कुणास ठाऊक.

कोकणातून आल्यावर गाडी दुसऱ्या गॅरेजात तपासणीच्या खड्ड्यावर घेतली. एक जुना फिटर, चहा पीत पीत, त्यानं आधी टाय रॉडचा लॉक नट दाखवला. गंजानं आणि जुन्या चिखलानं जागच्या जागी जाम, पान्याची एक नवी खूण नाही. हा नट सोडल्याशिवाय टाय रॉड एंड निघत नाही. रॅक बदलला तर तो सोडावाच लागतो. आणि या गाडीत पुढच्या चाकांचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली, ते) जुळवायचा तोही याच नटाला सैल करून. म्हणजे एका नटानं बिलाच्या तीन ओळी खोट्या पाडल्या: रॅक ₹११,५००, एंड ₹९६०, अलाइनमेंट ₹९००. अलाइनमेंटचा छापील कागद मागितला असता तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी दिसले असते. मागितला नाही.

शॉकअपचंही तेच. शॉकअप नकलला दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो. बोल्टांची डोकी जुनी, धूळ जुनी, आणि शॉकअपची नळी मात्र झगझगीत काळी. रंग मारलेला. ब्रेकच्या रबरी नळीवर आणि स्प्रिंगच्या खालच्या कड्यावर त्याच काळ्या रंगाचे शिंतोडे. बॉनेट उघडून टॉप माउंट बघितलं तर रबराला भेगा, वर तोच रंग. लोअर आर्म तेवढे नवीन. तेवढेच. आर्म आणि मजुरी सोडून दिली तरी ₹२२,४७० असे गेले की त्यांच्या बदल्यात गाडीत एक स्क्रूही आला नाही.

आता मूळ दुखणं. डाव्या बाजूचा स्टॅबिलायझर लिंक रॉड. पुण्याच्या नाना पेठेतून जोडी ₹१,२४०, बसवायचे ₹३००. पाऊण तास. आवाज बंद.

हा लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा वीतभर लांबीचा दांडा, दोन टोकांना छोटे बॉल जॉइंट. रबरी टोपी फाटली की पाणी-माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, बॉल आपल्या वाटीत खुळखुळू लागतो. भारतातल्या जुन्या छोट्या गाड्यांमध्ये पुढून येणाऱ्या खट-खटीचा पहिला संशयित हाच, आणि तोच सगळ्यांत स्वस्त, म्हणून तोच कुणाला दिसत नाही. ओळखायची खूण रस्त्यावरच मिळते. स्पीडब्रेकर सरळ घ्या, दोन्ही चाकं एकदम: आवाज कमी किंवा नाहीच, कारण बारला पीळ पडत नाही. तोच तिरपा घ्या, एकेक चाक: खट. म्हणजे लिंक. पंधरा-वीसच्या वेगात, बारीक खडीवर, पेव्हर ब्लॉकवर जास्त वाजतो. गॅरेजच्या खड्ड्यावर तपासताना एकच चाक जॅकनं उचलू नका. बार पिळला जातो, बॉल एका बाजूला दाबून बसतो आणि ढिलेपणा लपतो. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून, खाली वाकून, दांडा हातानं झटकून बघायचा. तरीही शंका राहिली तर दोन्ही लिंक काढून गल्लीत हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला. (तशी गाडी हायवेवर नेऊ नका, वळणावर जास्त कलंडते.)

बाकीच्या आवाजांचंही सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या मिस्त्रीनं थाप मारली तर कळेल. त्याआधी डिकी रिकामी करा; सैल जॅक आणि स्टेपनीचा स्क्रू यांच्या आवाजावर लोकांनी शॉकअप बदललेत. खडबडीत रस्त्यावर ब्रेकला पाय नुसता टेकवला आणि खडखड थांबली तर ते ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची पिन. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली तर टॉप माउंटचं बेअरिंग. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, आधी त्याचा बूट फाटलाय का बघा. वेगासोबत वाढणारी घूं-घूं, जी लेन बदलताना कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची. मोठ्या खड्ड्यात एकच जड धप्प, तेव्हा शॉकअप आणि बंप स्टॉप. यातला प्रत्येक आवाज वेगळा आहे. "सगळं सस्पेन्शनच करावं लागेल" हे निदान नव्हे, ती किंमत सांगायची पद्धत आहे.

तक्रार करायला गेलो त्याचं काय सांगावं. पोलीस चौकीत पहिला प्रश्न: "बिल पक्कं आहे का?" नाही. "मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण समोरच्या साहेबांच्या लेखी गाडीत शॉकअप जुना की नवा हा घरगुती वाद. दुसऱ्या भेटीत म्हणाले, "शॉकअप जुना आहे हे सिद्ध कोण करणार?" तुम्ही वाका आणि बघा, म्हणालो. वाकले नाहीत. वाहन खात्याच्या खिडकीवर सांगण्यात आलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या? "पालिकेत विचारा." पालिकेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. तीन दिवस रजा टाकली. सगळ्यांना माझ्याकडून कागद हवा होता, आणि कागद न देण्यावरच तर तो धंदा उभा आहे. "जीएसटी वेगळा पडेल साहेब, कशाला उगाच," या वाक्याची खरी किंमत तिथे कळली. त्यानं वाचवला तो माझा कर नव्हता, स्वतःची कातडी होती.

पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात, आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. यूपीआयच्या नोंदी, पिवळं पान आणि त्या लॉक नटाचे फोटो, तारखेसकट, जोडून अर्ज केलाय. तुम्ही गेलात तर गाडी दुरुस्त करायच्या आधी फोटो काढा. नंतर काढलेल्या फोटोला अर्थ नाही.

काढलेले जुने भाग डिकीत टाकून मागायचे, आणि आधीच मागायचे. "स्क्रॅपवाला घेऊन गेला" हे उत्तर नंतर येतं. माझ्या डिकीत दोन लोअर आर्म आले. बाकीचे येणार कुठून, ते तर गाडीलाच होते. काम सुरू व्हायच्या आधी शॉकअपवर, रॅकवर, माउंटवर खडूनं किंवा मार्करनं बारीक खूण करा. कुणाला सांगायची गरज नाही.

आणि एक राहिलंच. जे दोन आर्म खरोखर बदलले, तेही नीट बसवले नाहीत. आर्मच्या बुशाचे (आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबराचे) बोल्ट चाकं लटकत असताना पूर्ण आवळले. तसं केलं की गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून बसवायची, आणि मग शेवटचा टॉर्क द्यायचा. महिन्याभरात सकाळच्या गारव्यात पुढून करकर सुरू झाली. बुशावर पाणी मारलं की पाच मिनिटं बंद, वाळलं की परत. तेल नाही मारलं, तेलानं रबर फुगतं. फिटरनं बोल्ट सोडून जमिनीवर पुन्हा आवळले तेव्हा उजवीकडची करकर थांबली. डाव्या बुशाचं रबर तोवर फाटलं होतं, तो आर्म पुन्हा बदलायचा आहे.