क्वीन्सटाऊनहून एकच दिवस हातात आहे: मिलफर्ड की वानाका?

न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाऊनला तीन रात्री, त्यात एकच दिवस पूर्ण मोकळा, गाडी भाड्याची घेतलेली आहेच, मग मिलफर्ड साऊंड ही कड्यांमधली समुद्राची खाडी करायची की तळ्याकाठचं वानाका गाव? आम्ही जानेवारीत दोन्ही केलं, एक दिवस सोडून, आणि गाडी दोन्ही दिवस नवऱ्यानेच चालवली, त्यामुळे जे लिहितेय त्यात थोडं त्याचंही गाऱ्हाणं आहे.

आधी अंतर बघा. मिलफर्ड एका बाजूने 288 किमी. नकाशात अगदी शेजारी दिसतं, पण मधे डोंगर आडवे आहेत म्हणून ‘ते आनाऊ’ (Te Anau) या गावावरून लांबचा वळसा घालूनच जावं लागतं. न थांबता चार तास, आणि न थांबता कोण जातंय, मिरर लेक्सला थांबाल, एग्लिंटनच्या त्या सपाट पिवळ्या गवताच्या दरीत थांबाल, म्हणजे पाच धरा. मग दोनेक तासांची क्रूझ आणि परत तेवढंच. आम्ही पहाटे सहाला निघालो ते रात्री नऊला आलो, जानेवारीत तिथे उन्हाळा, उजेड साडेनऊपर्यंत असतो म्हणून बरं. वानाका क्राऊन रेंजच्या घाटातून 70 किमीच्या आत, सव्वा तास, बास.

पण ते आनाऊनंतरचा 120 किमीचा रस्ता, त्याला तोड नाही हे मान्यच करायला हवं. होमर टनेलच्या तोंडाशी सिग्नलला गाड्या थांबतात, तिथे केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट येतात. आमच्या खिडकीच्या रबरावर एक बसला आणि शांतपणे, पेन्सिल सोलल्यासारखं, रबर सोलायला लागला. खायला काही देऊ नका, ते त्यांच्यासाठी वाईट असतं. टनेल सव्वा किमीचा, 1954 साली सुरू झालेला, आत कातळ तसाच खडबडीत ठेवलाय, पाणी ठिबकतंय आणि रस्ता चक्क उतरता. बाहेर पडलो की एकदम उभे कडे. आणि पाऊस! मिलफर्डला वर्षाला सहा मीटरच्या वर पडतो, आपल्या महाबळेश्वरलाही मागे टाकेल. पाऊस बघून बुकिंग कॅन्सल करू नका, माळशेजसारखंच आहे, पाऊस असेल तरच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, कोरड्या दिवशी मोजके दोन-तीनच राहतात. सँडफ्लाय म्हणजे चावऱ्या बारीक माश्या मात्र पाऊस थांबला की फोडून काढतात, पायात मोजे घालाच.

आता गाऱ्हाणं. ड्रायव्हरला यातलं निम्मंही दिसत नाही. डावीकडून गाडी चालवायची म्हणून आपल्याला सोपं जातं, पण सिंगल लेन पूल आले की पाटी नीट बघावी लागते, तुमच्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल तर थांबायचं तुम्ही. परतीला तर ते आनाऊपासून पुढे तो नुसताच च्युइंगम चघळत होता, मी गप्पा मारून मारून दमले. मुलगी मागे झोपलेली. पेट्रोल ते आनाऊलाच फुल करा, पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाईलला रेंज नाही.

वानाकाचा दिवस निवांत. क्राऊन रेंज 1,076 मीटरपर्यंत चढते, सुरुवातीची हेअरपिन वळणं आपल्या घाटात शिकलेल्याला काहीच वाटत नाहीत, वरून खाली विमानं उतरताना दिसतात. मधे कार्ड्रोनाचं 1863 सालचं जुनं हॉटेल. वानाकाचं ते पाण्यातलं एकटं झाड, खरं सांगू, पाच मिनिटांचं काम, फोटोवाल्यांची गर्दीच जास्त. तळ्याकाठी बसून खाल्लेले फिश अँड चिप्स मात्र अजून आठवतात. येताना क्रॉमवेलवरून या, उन्हाळ्यात चेरी ताज्या मिळतात, पुढे कावाराऊचा 43 मीटरचा बंजी पूल, उडी मारायची नसेल तरी गॅलरीतून फुकट बघता येतं, मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

तर ड्रायव्हर एकच असेल, बरोबर लहान मुलं किंवा सासूबाई-सासरे असतील, तर त्या एका दिवसात वानाका करा. मिलफर्ड सोडवतच नसेल तर क्वीन्सटाऊनची एक रात्र कमी करून ते आनाऊला राहा, सकाळी दोन-सव्वादोन तासात पोचता आणि बसेसची गर्दी यायच्या आधीची क्रूझ मिळते. तेही जमत नसेल तर कोचचं तिकीट काढा, काचेचं छप्पर असतं, झोपही काढता येते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर दोन्ही रस्त्यांवर बर्फ असू शकतं, टायरला लावायची चेन गाडीत हवी आणि ती लावायची कशी हे गाडी ताब्यात घेतानाच एकदा दाखवून घ्या.