मॉलमधलं मोठं दुकान बंद पडलं आणि "नवीन येतंय" सांगून आमचे अडीच लाख खाल्ले

आधीच सांगते, मॉलचं नाव लिहिणार नाही, प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी तंबी दिलीय. पण ज्यांचा मॉलमध्ये गाळा आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे वाचाच, आणि ज्यांच्या मॉलमधल्या मोठ्या दुकानाच्या शटरवर सध्या "नूतनीकरणासाठी बंद" असा बोर्ड लागलाय त्यांनी तर दोनदा वाचा. त्या बोर्डावर काडीचा विश्वास ठेवू नका.

आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, मी आणि माझा भाऊ मिळून चालवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर गाळा घेतला, बरोब्बर डिपार्टमेंटल स्टोअरच्या दारासमोर. कागदावर ५२० स्क्वेअर फूट, प्रत्यक्षात कार्पेट ३१२. भाडं ११० रुपये फूट, म्हणजे महिन्याला ५७,२००. त्यावर मेंटेनन्स, ज्याला हे लोक कॅम म्हणतात, २२ रुपये फुटाने ११,४४०, आणि दोन्हीवर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून ८०,९९५ रुपये दर महिन्याला. डिपॉझिट सहा महिन्यांचं, ३,४३,२००. फर्निचर, लाइटिंग, बोर्ड, त्यांच्याच मापाने आणि त्यांच्याच डिझाइनने करायचं, त्याला ९,४०,००० गेले. पाच वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स, त्यात तीन वर्षांचं लॉक-इन. आणि लॉक-इन फक्त आमच्या बाजूने, हे नीट वाचा, मॉलला कधीही नोटीस देऊन काढता येतं, आपण मात्र निघायचं नाही.

एवढं भाडं का दिलं असं सगळे विचारतात. अहो, ते समोरच्या दुकानासाठीच दिलं! मॉलचा हिशोबच तसा असतो, मोठ्या दुकानाला जागा कवडीमोलाने देतात कारण गर्दी ते आणतं, आणि त्या गर्दीचे पैसे आमच्यासारख्या छोट्या गाळेवाल्यांकडून फुटामागे वसूल करतात. लीझिंग मॅनेजरने तोंडाने सांगितलं होतं, "मॅडम, ते २०३२ पर्यंत कुठेही जात नाहीत, करार आहे." करार होता हे खरं. पण त्यांचं लॉक-इन आम्ही सही करायच्या आधीच, जून २०२३ मध्ये संपलेलं होतं आणि तीन महिन्यांच्या नोटिशीवर ते केव्हाही जाऊ शकत होते. हे आम्हाला कधी कळलं, तर सगळं होऊन गेल्यावर वकिलांनी दुय्यम निबंधकांकडून त्या कराराची नक्कल काढली तेव्हा. तुम्ही आधी काढा. एक वर्षावरचे लीज रजिस्टर करावेच लागतात, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, ऑनलाइन सापडतो, नक्कल अर्ज करून मिळते. समोरच्या दुकानाचा कागद बघितल्याशिवाय स्वतःच्या कागदावर सही करू नका.

२०२४ च्या उन्हाळ्यात समोर गडबड दिसायला लागली होती. रॅकवर माल भरलेला दिसायचा पण हात घातला की मागे रिकामं, एकच बिस्किटाचा पुडा पूर्ण फळीभर पुढे पुढे लावून ठेवलेला, शेजारच्या फळीवर एकाच कंपनीचा शाम्पू. सप्लायरने माल थांबवला की असंच होतं. तिथल्या काउंटरवरच्या मुली आमच्याकडे येऊन बसायच्या, पगार उशिरा होतोय म्हणायच्या. ऑगस्टमध्ये शटर खाली आणि बोर्ड वर. मग कळलं की त्या स्टोअरच्या कंपनीला बँकेने एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणात, खेचलंय, सप्टेंबरमध्ये अर्ज दाखल करून घेतला.

आता ऐका, इथेच खरी मेख आहे आणि हे कोणीच सांगत नाही. कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली गेली की कलम १४ चा मोरॅटोरियम लागतो. म्हणजे कंपनीच्या ताब्यात असलेली जागा मालकालासुद्धा परत घेता येत नाही. १८० दिवस, मग वाढवून ३३० पर्यंत असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याहून लांबतं. कंपनी चालवायला जो रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमतात तो जागा सोडेपर्यंत ते शटर तसंच बंद, मॉलला ती जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आणि आम्ही? आमच्या करारात समोरचं दुकान गेलं तर भाडं कमी होईल किंवा आम्हाला निघता येईल असं एक अक्षर नाही. वकील सांगत होते, अमेरिकेत छोटे दुकानदार को-टेनन्सी नावाचं कलम घालून घेतात, मोठं दुकान बंद झालं की भाडं उतरतं किंवा लॉक-इन सुटतं. २०१८ मध्ये सीअर्स ही तिथली मोठ्या दुकानांची साखळी कोसळली तेव्हा तिथल्या मॉलवाल्यांना हाच धसका होता, एक गेलं की मागोमाग बाकीच्यांचं भाडं घसरणार. आपल्याकडे हे कलम मागितलं तर मॅनेजर असा बघतो की जणू आपण त्याची किडनी मागितली. तरी मागा. लेखी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या.

गिऱ्हाईक निम्म्याहून खाली आलं. समोरचा एस्कलेटर बंद करून पिवळी साखळी लावली, त्या बाजूचा एसी दुपारपर्यंत बंद ठेवायला लागले, आणि कॅम मात्र २२ चा २६ केला! कमी दुकानांत खर्च वाटला जातोय म्हणे. म्हणजे बंद पडलेल्या दुकानाचा भुर्दंड आमच्या बोडक्यावर.

दसऱ्याच्या आसपास तोच लीझिंग मॅनेजर स्वतः दुकानात आला. गोड बोलणारा माणूस, येताना माझ्या भाच्यांची नावं घेऊन चौकशी करणारा. म्हणाला नवीन मोठा ब्रँड फायनल झालाय, गुढीपाडव्याला ओपनिंग, लेआउट बदलणार, त्यांच्या दाराजवळचे सहाच गाळे आहेत आणि जुन्या लोकांना आधी विचारतोय. रिलोकेशन प्रीमियम, म्हणजे गाळा बदलून देण्याचे, २,५०,००० भरा, भाडं एक वर्ष आहे तेच राहील. मोबाइलवर त्या ब्रँडचं लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे जागा घेण्याचं इरादापत्र, दाखवलं, लोगो वगैरे सगळं. कॉपी मागितली तर "कॉन्फिडेन्शियल आहे मॅडम, सही होईपर्यंत बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल."

आणि विश्वास का बसला तर त्याने बिग बाजारचं उदाहरण दिलं, जे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिग बाजार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलची शेकडो दुकानं रिलायन्सने एका झटक्यात घेतली, कारण भाडी थकल्यावर जागांचे करार जागामालकांनी आधीच रिलायन्सच्या नावे करून दिले होते आणि फ्यूचरवाले तिथे सब-लीजवर, म्हणजे पोटभाड्याने, बसले होते. बोर्ड बदलले, दुकानं परत सुरू झाली. तो म्हणाला, "बघा, मॉल कधी रिकामा राहतो का?" पण त्या वेळी दुकानांचा ताबा गेला तो फेब्रुवारीत आणि फ्यूचर रिटेल एनसीएलटीत गेली ती २० जुलै २०२२ ला. म्हणजे आधी जागा गेली, मग दिवाळखोरी. आमच्याकडे उलटं, दिवाळखोरी आधीच लागलेली आणि जागा मोरॅटोरियममध्ये अडकलेली. जी जागा मॉलच्याच हातात नव्हती तिच्या दाराजवळचे गाळे हा माणूस विकत होता! पण हे कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईला कसं माहीत असणार, सांगा मला. आयबीबीआय, म्हणजे दिवाळखोरीच्या कामावर देखरेख करणारं सरकारी मंडळ, त्याच्या वेबसाइटवर प्रत्येक दिवाळखोर कंपनीची जाहीर सूचना असते, रिझोल्यूशन प्रोफेशनलचा ईमेल असतो, त्याला एक ओळ लिहून विचारता येतं की ही जागा सोडलीय का. तेव्हा मला आयबीबीआय हे नावसुद्धा माहीत नव्हतं, ज्यांना माहीत नाही त्यांनी आत्ता लिहून घ्या.

मी आरटीजीएस केलं. खात्याचं नाव मॉलच्या कंपनीसारखंच, फक्त शेवटी "प्रायव्हेट लिमिटेड"च्या जागी "मॅनेजमेंट सर्व्हिसेस". विचारलं तर म्हणाला प्रीमियम वेगळ्या एजन्सीकडे जातो, मेंटेनन्सचंही पुढच्या वर्षीपासून तिकडेच जाणार. तेव्हा आरटीजीएसला नाव पडताळायची सोयही नव्हती, ती बँकांनी १ एप्रिल २०२५ पासून द्यायची असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं.

मग पावती आली. ती पावती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मॉलचं लेटरहेड, शिक्का, रक्कम अक्षरी "दोन लाख पन्नास हजार फक्त". आणि खाली जीएसटी नंबर नाही, जीएसटीची रक्कमही नाही. हा मॉल पाण्याच्या बिलावर, पार्किंगच्या पासवर, दिवाळीच्या कंदिलांच्या वर्गणीवरसुद्धा १८ टक्के लावतो, एक महिना चुकवत नाही, आणि अडीच लाखांवर शून्य? पंचेचाळीस हजार रुपये जीएसटी व्हायला हवा होता. भावाने पावती हातात घेऊन म्हटलंसुद्धा, "ताई, यावर जीएसटी कसा नाही?" आणि मॅनेजर समोरच उभा होता, पटकन म्हणाला, "फायनल इन्व्हॉइस ओपनिंगनंतर येईल, ही प्रोव्हिजनल आहे." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बोलणं तिथेच राहिलं. त्याच क्षणी वर ऑफिसमध्ये जाऊन अकाउंट्सच्या माणसाला पावती दाखवली असती तर तिथल्या तिथे उघड पडलं असतं. पण ज्या माणसाबरोबर वर्षभर व्यवहार केला, जो मॉलच्या ऑफिसात मॉलचं आयकार्ड गळ्यात घालून बसतो, त्याच्यावर संशय घ्यायचा का लेटरहेडवर? जो कोणी "तुम्हाला कळायला हवं होतं" म्हणतो त्याने हे आधी सांगावं.

पाडवा जवळ आला, ना काम सुरू, ना कोणी मापं घ्यायला. ऑफिसात गेलो तर मॅनेजरने जानेवारीतच नोकरी सोडलेली. लीगलवाल्यांचं उत्तर, ती एजन्सी आमची नाही, पैसे आमच्या खात्यात आलेले नाहीत, लेटरहेडचा गैरवापर झाला असेल तर तुम्ही पोलिसांत जा. तुम्ही म्हणजे आम्ही! लेटरहेड त्यांचं, माणूस त्यांचा, ऑफिस त्यांचं, आणि तक्रार आम्ही करायची.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "करार आहे ना तुमचा? मग सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं करार मॉलशी आहे, पैसे तिसऱ्याच्या खात्यात गेलेत. "पैसे तुम्हीच पाठवले ना? कोणी धमकी दिली का?" फसवणूक धमकी देऊन करतात का हो? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ वकिलांनी लिहून दिलं होतं, तो कागद त्यांनी उलटा करून चहाच्या कपाखाली ठेवला. शेवटी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर म्हणे रक्कम लहान, पोलीस ठाण्यात जा. पोलीस ठाण्यात म्हणे कंपन्यांचं प्रकरण, गुन्हे शाखेत जा. ग्राहक आयोगात काउंटरवरच सांगितलं की धंद्याचा गाळा म्हणजे व्यापारी हेतू, बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो तो धंदा त्यातून वगळलाय हे कायद्यातच आहे, पण काउंटरवर वाद घालणार कोण. महारेरा म्हणे विक्री असेल तर आमच्याकडे, भाड्याचं नाही. बँक म्हणे तुम्ही स्वतः ऑथराइज केलंय. प्रत्येक टेबलाला बरोब्बर माहीत असतं की हे आपलं काम नाही. एका साहेबांनी तर समजावलं, "मॅडम, मॉलमध्ये कशाला गेलात, रस्त्यावरचं दुकान बरं असतं." याच्यासाठी आम्ही कर भरतो का?

एक करा, अर्ज दिला की आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. एफआयआर घेत नसतील तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठवा, त्यानंतरच मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आमचं तेच चाललंय.

आणि हे सगळं चालू असताना मार्च २०२५ अखेर आम्ही गाळा सोडला, सोडावाच लागला, भाडं कुठून द्यायचं. तर मॉलची नोटीस आली, लॉक-इनचे उरलेले २० महिने गुणिले ५७,२०० म्हणजे ११,४४,००० भरा, डिपॉझिट जप्त. डिपॉझिटसाठी दावा करायचा तर व्यापारी न्यायालय, आणि तातडीचं काही नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची. मध्यस्थीची नोटीस गेली, मॉलकडून कुत्रंसुद्धा आलं नाही. वकील म्हणतात पूर्ण ११ लाख ४४ हजार त्यांना मिळणार नाहीत, करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी नुकसानभरपाईच मिळते. म्हणून नोटिशीला घाबरून पोस्ट-डेटेड चेक देऊ नका. आमच्या शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्या काकांनी दिले, आता त्यांच्यावर चेक बाउन्सची केस आहे.

मॉलची देखभाल कोण करतं, पैसे कोणत्या खात्यात जातात, हे करारात खाते नंबरासकट लिहून घ्या आणि त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही खात्यात एक रुपया टाकू नका, मग मागणारा मॉलचा मालक स्वतः असला तरी.

त्या सहा गाळ्यांसाठी आमच्याशिवाय अजून लोकांनी पैसे भरलेत हे आम्हाला नक्की माहीत आहे, दोघांशी बोलणं झालंय, ते लाजेने पुढे येत नाहीयेत. ज्यांनी "मॅनेजमेंट सर्व्हिसेस" नावाच्या खात्यात पैसे भरलेत आणि ज्यांच्याकडे बिनजीएसटीची प्रोव्हिजनल पावती आहे त्यांनी ती फाडू नका, बँक स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का घ्या, मॅनेजरचे मेसेज डिलीट करू नका आणि मला मेसेज करा. वकील म्हणतात एकाच खात्यात चार-पाच जणांचे पैसे दिसले तर सिव्हिल मॅटर म्हणून हाकलणं पोलिसांना जड जाईल, आणि सगळ्यांची रक्कम एकत्र झाली की गुन्हे शाखेलाही "लहान" म्हणता येणार नाही.