मालक बघून सीझन वाचा : ब्लॅकबर्न रोव्हर्सचा एका पुणेकराने केलेला रिव्ह्यू

इंग्लिश फुटबॉल बघायला लागलं की आपल्याकडची पोरं काय करतात, तर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल, चेल्सी यातलं एक उचलतात, जर्सी घेतात आणि विषय संपला. ब्लॅकबर्न रोव्हर्स कोणी घेत नाही, आणि गंमत बघा, मालक थेट आपल्या पुण्याचे! म्हणून म्हटलं याचा एकदा नीट रिव्ह्यू करू, एखाद्या मॅचचा नाही तर अख्ख्या क्लबचा, पहिल्या सीझनपासून, म्हणजे कोणाला घ्यायचाच असेल तर आत काय माल आहे ते माहीत असलेलं बरं.

बॉक्सवर काय लिहिलंय ते आधी. स्थापना १८७५, तीनदा लीग चॅम्पियन, सहा वेळा एफए कप (इंग्लंडची सगळ्यात जुनी नॉकआउट स्पर्धा), एकदा लीग कप. १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा त्यात होते आणि १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही होते, असे दोन्हीकडचे क्लब फक्त तीन, हे आणि अॅस्टन व्हिला आणि एव्हर्टन. जर्सी अर्धी निळी अर्धी पांढरी, उभी कापल्यासारखी, आणि माझ्या मते इंग्लंडमधली सगळ्यात देखणी जर्सी हीच, यावर वाद घालायचा असेल तर घाला.

पण कप मोजत बसलात तर हा क्लब कळत नाही. कळायला एकच ट्रिक आहे, प्रत्येक सीझनच्या शेजारी त्या वेळी पैसा कोणाचा होता ते लिहायचं. मग सगळा ग्राफ आपोआप समजतो.

सुरुवात १८८० च्या आसपास. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं गाव, आणि फुटबॉल तेव्हा हौशी लोकांचा खेळ, पैसे घेऊन खेळायला बंदी. तरी शेजारच्या डार्वेनमध्ये फर्गस सूटर नावाचा ग्लासगोकडचा गवंडी येतो, दगड फोडायचं काम थोड्याच दिवसांत बंद होतं, पोट मात्र व्यवस्थित भरत राहतं, आणि १८८० मध्ये हा बाबा डार्वेन सोडून रोव्हर्समध्ये जातो. आता कशासाठी गेला असेल हे काय सांगायला पाहिजे का. १८८२ ला एफए कपची फायनल गाठली, ओल्ड इटोनियन्सकडून १-० हरले, मग १८८४, ८५, ८६ सलग तीन वर्षं कप. सलग तीन! आणि प्रोफेशनल खेळाडूंना अधिकृत परवानगी मिळाली १८८५ मध्ये, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

यात एक साइड स्टोरी आहे जी मला कपांपेक्षा जास्त आवडते. १८८३ चा कप सुद्धा ब्लॅकबर्नलाच आला होता पण रोव्हर्सकडे नाही, ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या दुसऱ्याच क्लबकडे. कामगारवर्गाची पोरं, त्यांच्यामागे एका फाउंड्रीवाल्याचा पैसा, आणि त्यांनी फायनलमध्ये त्याच ओल्ड इटोनियन्सना हरवलं. पुढे पैसा आटला आणि १८८९ ला क्लबच बंद. एकाच गावात कप जिंकणारे दोन क्लब, एक आजही चालू आहे आणि दुसऱ्याचं नाव निम्म्या फुटबॉलवाल्यांना माहीत नाही. मालक बघून सीझन वाचा म्हणतो ते यासाठी.

१८९० ला शेफील्ड वेन्सडेला फायनलमध्ये ६-१ धुतलं, टाउनलीची हॅटट्रिक, १८९१ ला परत कप. आणि मग डिसेंबर १८९१, बर्नलीशी मॅच, बर्नलीच्या ग्राउंडवर. बर्नली म्हणजे यांचे शेजारी आणि जन्माचे वैरी. थंडी अशी की विचारू नका, बर्नली ३-० पुढे, दोन्हीकडच्या एकेका खेळाडूची मारामारी होऊन दोघेही बाहेर, आणि मग रोव्हर्सची बाकीची टीमच मैदान सोडून निघून गेली. राहिला फक्त गोलकीपर हर्बी आर्थर. बर्नलीवाले एकट्यावर चाल करून आले तर या पठ्ठ्याने ऑफसाइडचं अपील केलं!! एकट्याने. मॅच रद्द झाली. या एका सीझनला माझ्याकडून पाच स्टार, बाकी काय झालं ते बघायची पण गरज नाही.

त्यानंतरची पंधराएक वर्षं पटापट ढकला. मग लॉरेन्स कॉटन, आडनाव कॉटन आणि धंदाही कापडगिरणीचा, चेअरमन झाले आणि तिजोरी उघडली. डॅनी शे याला वेस्ट हॅमकडून २००० पौंडांना आणला, तेव्हाचा रेकॉर्ड आकडा. १९११-१२ ला लीग, १९१३-१४ ला परत लीग, बॉब क्रॉम्प्टन कॅप्टन, जो राइट-बॅक म्हणून इंग्लंडकडून ४१ वेळा खेळला. पुढे महायुद्ध, आणि पुढच्या लीग टायटलसाठी थेट ८१ वर्षं थांबायचं. मध्ये १९२८ चा एफए कप आहे, हडर्सफील्डविरुद्ध ३-१, पहिल्याच मिनिटाला रॉसकॅम्पने गोलकीपरला बॉलसकट ढकलून गोल केला आणि तेव्हा ते चालायचं. १९३६ ला पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये गेले.

युद्धानंतरचा काळ म्हणजे सरकारी ऑफिसातली फाइल, वर जाते, खाली येते, कधी टेबलावरच पडून राहते. १९६० ची फायनल वुल्व्हज्‌कडून ०-३, त्यात डेव्ह व्हेलनचा पाय मोडला (पुढे हाच माणूस विगनचा मालक झाला, नाव लक्षात ठेवा, विगन परत येणारे). १९६६ ला फर्स्ट डिव्हिजनमधून जे गेले ते वर यायला १९९२ उजाडलं, मध्ये दोनदा तर थर्ड डिव्हिजन. या सगळ्या रखडपट्टीत सायमन गार्नर नावाचा माणूस गोल मारत राहिला, १६८ लीग गोल, क्लबचा आजही रेकॉर्ड. लोकांना वाटतं रेकॉर्ड पुढे आलेल्या स्टार अॅलन शिअररचा असेल. नाही. ज्या काळात टीव्हीवर कोणी बघत नव्हतं त्या काळातल्या माणसाचा आहे.

आता जॅक वॉकर. इथे थोडं थांबावं लागेल कारण क्लबचा सगळ्यात भारी आणि सगळ्यात फसवा भाग हाच. गावचाच माणूस, लहानपणापासून रोव्हर्सचा फॅन, स्टीलचा धंदा वाढवला, १९८९ ला ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ मध्ये क्लब हातात घेतला. लिव्हरपूल सांभाळलेल्या केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हा लोकांना वाटलं असेल की पेपरात छापायची चूक झालीये. १९९१-९२ ला सहावे येऊन प्लेऑफ (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅच), फायनलमध्ये लेस्टरविरुद्ध माइक न्यूएलची पेनल्टी, १-०, आणि नव्याकोऱ्या प्रीमियर लीगमध्ये एंट्री. त्याच उन्हाळ्यात साउथॅम्प्टनचा अॅलन शिअरर, ब्रिटिश रेकॉर्ड फी देऊन. पहिला सीझन चौथा नंबर (शिअरर अर्धा सीझन गुडघ्याने बाहेर होता तरी), दुसरा सीझन दुसरा नंबर, तिसरा सीझन चॅम्पियन. चढता भाजणीक्रम असावा तर असा.

१९९४-९५ चा शेवटचा दिवस तर बघायलाच पाहिजे. १४ मे, अॅनफील्ड, म्हणजे लिव्हरपूलचं ग्राउंड, डॅल्ग्लिशच्याच जुन्या घरी. शिअररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी केली, आणि शेवटी शेवटी जेमी रेडनॅपची फ्री किक आत, २-१, हरले. तिकडे युनायटेडला वेस्ट हॅमकडे जिंकणं भाग होतं आणि ते १-१ मध्ये अडकले. ८९ विरुद्ध ८८ पॉइंट. मॅच हरून चॅम्पियन, आणि लिव्हरपूलचं पब्लिक पण खूश, कारण युनायटेडला मिळालं नाही ना. शिअररचे त्या सीझनला ३४ गोल, बाजूला क्रिस सटन, मागे कॉलिन हेंड्री, गोलमध्ये टिम फ्लॉवर्स.

फसवा का म्हटलं, तर पुढचंच पान बघा. १९९५-९६, चॅम्पियन्स लीग, ग्रुपमध्ये स्पार्टाक मॉस्को, लेगिया वॉर्सा, रोझेनबोर्ग, म्हणजे ड्रॉ काही भयंकर नव्हता, तरी शेवटचा नंबर. मॉस्कोमध्ये तर डेव्हिड बॅटी आणि ग्रॅम ल सो, दोघेही रोव्हर्सचेच हो, मैदानावर एकमेकांशी भिडले. डॅल्ग्लिश टायटल मिळाल्यावर मॅनेजरच्या खुर्चीतून उठले होते, १९९६ ला शिअरर न्यूकॅसलला गेला, दीड कोटी पौंड, वर्ल्ड रेकॉर्ड. आणि १९९९ ला रोव्हर्स रिलीगेट, म्हणजे खालच्या लीगमध्ये. चॅम्पियन झाल्यापासून चार वर्षांत! पैसा होता, मालक होता, तरीही. इथे माझी ट्रिक थोडी गंडते हे मान्य, पण पैसा शिडी देतो, वर गेल्यावर काय करायचं ते नाही देत.

मला पर्सनली सगळ्यात आवडतो तो यानंतरचा काळ, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ऑगस्ट २००० मध्ये जॅक वॉकर गेले आणि तोच सीझन प्रमोशनचा ठरला, डफ, डन, जॅनसन अशी तरुण पोरं, बर्नलीला १ एप्रिलला घरी बोलावून ५-० असा पोपट केला. २००२ ला कार्डिफमध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप. पुढे मॅनेजर मार्क ह्यूजच्या काळात २००५-०६ ला सहावा नंबर, युनायटेडला घरी आणि त्यांच्या घरी दोन्हीकडे हरवलं, घरच्या मॅचला बेंटलीची हॅटट्रिक, ४-३. बेनी मॅकार्थी, रोकी सांता क्रूझ, तुगाय, ब्रॅड फ्रिडेल. या टीमकडे फार पैसा नव्हता, वॉकरांच्या ट्रस्टकडे क्लब होता आणि खर्च आखून दिलेला. मोठ्या क्लबांना इकडे यायला आवडायचं नाही. पैसा वसूल हे सीझन.

आणि आता आपण. नोव्हेंबर २०१०, वेंकीज, पुण्याची कोंबडी-अंड्यांची कंपनी. अंडी खा म्हणून सांगणाऱ्या त्या टीव्हीवरच्या जाहिराती आठवतात ना, त्या एनईसीसीच्या मागे जे डॉ. बी. व्ही. राव होते त्यांच्याच कुटुंबाचा ग्रुप, २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला. पुण्यात तेव्हा काय कौतुक होतं! पण सीझनचं टेबल कौतुक ऐकत नाही. थोड्याच दिवसांत युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवर ७-१ हरले, एकट्या बर्बाटोव्हचे पाच. डिसेंबरमध्ये मॅनेजर अॅलर्डाइसला काढलं, टीम तेव्हा टेबलाच्या मधोमध होती, आणि स्टीव्ह कीनला बसवलं. रोनाल्डिन्हो येणार, बेकहॅम येणार अशा बातम्या, आले कोणी नाही. चिकनच्या जाहिरातीत मात्र खेळाडू आले, तंगड्या खाताना. २०११ मध्ये टीम बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी फ्रेंडली पण खेळून गेली, आणि ३१ डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ जिंकली सुद्धा, याकुबूचे दोन, म्हणजे टीम अगदीच टाकाऊ नव्हती. मे २०१२ ला घरच्या ग्राउंडवर विगनकडून ०-१, रिलीगेट, आणि निषेध म्हणून फॅन्सनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, अंगावर रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली. विगनच्या मालकाचं नाव वर आलंय.

२०१२-१३ तर हसावं की रडावं, एका सीझनमध्ये कीन, ब्लॅक, बर्ग, अॅपलटन, बोयर अशा पाच जणांनी डगआउट सांभाळला, त्यातले बर्ग ५७ दिवस. २०१७ ला ५१ पॉइंट मिळवून, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला जिंकून, गोल डिफरन्सवर (मारलेले वजा खाल्लेले गोल) लीग वनमध्ये. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर, असं आधी कधीच झालं नव्हतं.

पण न्याय करायचा तर पुढचंही लिहायला हवं. मालकांनी क्लब सोडून दिला नाही, दरवर्षी तोटा भरत राहिले, नंतर तर भारतातून पैसा पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यायची वेळ आली तरी. मॅनेजर टोनी मोब्रे यांनी २०१७-१८ मध्ये ९६ पॉइंट घेऊन लगेच वर आणलं, ब्रॅडली डॅकने धमाल केली. मग स्टोकमध्ये जन्मलेला बेन ब्रेरेटन आईकडून चिलीचा निघाला, बेन ब्रेरेटन दियाझ झाला आणि २०२१-२२ ला २२ गोल. २०२२-२३ ला सातवा नंबर, प्लेऑफ गोल डिफरन्सवर हुकला. पुढच्या वर्षी स्मॉडिक्सचे २७ गोल, चॅम्पियनशिपचा (दुसऱ्या पायरीच्या लीगचा) टॉप स्कोरर, आणि टीम एकोणिसावी! २७ गोल मारणारा माणूस टीममध्ये असून शेवटच्या दिवशी लेस्टरला जिंकून वाचायचं, हे फक्त इथेच. २०२४-२५ ला परत सातवा. घरच्या ग्राउंडला, ईवुड पार्कला, ३१ हजारांची जागा आहे आणि हल्ली बऱ्याच मॅचला निम्मी रिकामी असते, फॅन्सचा राग अजून गेलेला नाही, आणि बॅनरवर आपल्याच शहरातल्या लोकांची नावं वाचताना पुणेकराला जरा कसंतरी होतं हे सांगून ठेवतो.

तर घ्यावा का? दर वर्षी कप पाहिजे असणाऱ्यांनी लांब राहा. वाचायला आवडणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या, साडेचार स्टार, अर्धा २०१२-१३ साठी कापला. आणि सुरुवात १९९४-९५ पासून करू नका, सगळे तिथूनच करतात आणि मग पुढे नुसती उतरण लागते. २०००-०१ पासून करा, त्या बर्नलीच्या ५-० पासून, २००७-०८ पर्यंत या, मग मागे १८९१ ला हर्बी आर्थरकडे जा. वेंकीजवाली वर्षं शेवटी, आणि शक्यतो चिकन मागवलेलं नसताना.