मिग-२१ चं मॉडेल रंगवून घ्यायला दिलं आणि फसलो, कमिशनवर (पैसे देऊन दुसऱ्याकडून) मॉडेल करून घेणाऱ्यांनी नक्की वाचा

बाबांनी मॉडेल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, नाकाजवळ डोळे नेऊन बघितलं आणि म्हणाले, "हे सत्याहत्तर नाहीये रे, हे बिस आहे." एवढंच. मला वाईट वाटू नये म्हणून पुढे काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

बाबा १९७० ला नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) लागले, तेव्हा तिथे मिग-२१ एफएल बनायचं, हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. बिस हा मिग-२१ चाच नंतरचा प्रकार. विमान ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला. या विमानाचं मागचं धड बोल्ट काढून पूर्ण वेगळं करता येतं, इंजिन बाहेर काढायला, त्या जोडावर बाबांनी उमेदीची वर्षं काढलीत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो त्यांनी टीव्हीसमोरून न उठता बघितला, चहा तसाच गार झाला. तेव्हाच मी ठरवलं की पंचाहत्तरीला त्यांना त्यांचं विमान द्यायचं, ४८ स्केलमध्ये (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं), आणि कॅमोफ्लाज नाही, त्या काळचा उघडा धातू.

मी स्वतः ७२ स्केलची चार-पाच विमानं ब्रशने रंगवलीत, पण उघडा धातू माझ्या आवाक्यातला नाही. त्याला खाली चकचकीत काळा बेस लागतो, त्यावर एअरब्रशने मेटॅलिकचे अगदी पातळ हात, मग टेपने एकेक पत्रा वेगळा करून प्रत्येकाला जरा वेगळी छटा, कारण खऱ्या विमानाचे सगळे पत्रे सारखे चमकत नाहीत, आणि मागे नोझलकडचे तर उष्णतेने तपकिरी-निळसर झालेले असतात. खाली एक केस जरी राहिला तरी वर दिसतो.

म्हणून ऑनलाइन एक जण शोधला, कमिशनवर मॉडेल करून देणारा. फोटो बघून मी पार हरखलो. बोलणं पण गोड, "दादा, काकांसाठी आहे ना, मग घरचंच काम समजा." किट मी विकत घेऊन पाठवलं, ६,८०० चं, मजुरी ठरली १५,०००, त्यातले ९,००० आधीच यूपीआयने दिले. दर आठवड्याला फोटो यायचे, कॉकपिटचा तो हिरवट निळा रंग, कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) फ्रेमवर पिवळ्या टेपच्या बारीक पट्ट्या, आणि मी ते बायकोला दाखवत बसायचो.

आता तेच फोटो शेजारी शेजारी लावले की सगळं दिसतं. एका फोटोत नाकावरची लांब पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी नळी) वर मधोमध आहे, जशी एफएलला असते, पुढच्या आठवड्यातल्या फोटोत ती उजवीकडे सरकलीय, जशी बिसला असते. एकात पाठीचा कणा सडपातळ, दुसऱ्यात जाडजूड. पंखाखाली एकदा दोन पायलन (क्षेपणास्त्रं, बॉम्ब टांगायच्या पट्ट्या), एकदा चार. खालची कटिंग मॅट एकदा हिरवी, एकदा निळी. म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या लोकांच्या कामाचे फोटो उचलून तो मला पाठवत होता आणि मी मात्र चमक बघण्यात गुंग. "काम झालं, उद्या कुरियर" म्हणाला तसे उरलेले ६,००० पण टाकले.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी खोकं आलं. आत माझं किट नव्हतंच, कुठलं तरी स्वस्तातलं बिसचं होतं, स्प्रे कॅनने एकाच चंदेरी रंगात मारलेलं. पंखाच्या जोडावर गोंद तसाच, घासलेला पण नाही. कॅनॉपी सुपरग्लूने चिकटवलेली, त्यामुळे वाफेने आतून पांढरी धुरकट झालेली, पायलटची सीट पण दिसत नाही. हिरव्या नाकाची कड फाटल्यासारखी, टेपची कड नीट दाबली नाही की रंग खाली शिरतो तसा शिरलेला (कड नखाने किंवा टूथपिकने दाबून आधी खालच्याच रंगाचा किंवा क्लिअरचा एक हलका हात मारला की हे होत नाही, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही, त्याला करायचंच नव्हतं). आणि आपला तिरंगी राउंडेल घरच्या इंकजेटवर छापलेला, इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते म्हणून मधलं पांढरं वर्तुळ चंदेरीच राहिलेलं. हवाई दलाच्या खुणेची ही अवस्था बघून मला खरंच रडू आलं. दुसरं आणायला वेळ नव्हता, तेच दिलं.

फोन केला तर आधी "कुरियरवाल्यांनी बदललं असेल" आणि मग ब्लॉक.

तर मंडळी, पैसे देण्याआधी त्याच्याकडून तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद मॉडेलशेजारी ठेवून फोटो मागा, आणि नुसते पूर्ण झालेले नकोत, टेप लावलेल्या अवस्थेतले, पोटाकडचे, चाकांच्या खाचांचे मागा, कारण चोरलेले फोटो बहुतेक वरून छान दिसणारेच असतात. व्हिडिओ कॉलवर मॉडेल हातात फिरवून दाखवायला सांगा, खरा काम करणारा आनंदाने दाखवतो. फोटो इमेज सर्चमध्ये टाका, मी उशिरा टाकला, दोन मिनिटांत मूळ मॉडेल सापडलं, परदेशातल्या माणसाचं. आणि शेवटचा हप्ता मॉडेल हातात आल्यावरच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केलीय, स्क्रीनशॉट, यूपीआयचे नंबर सगळं दिलंय, पैसे अजून आलेले नाहीत. लगेच फोन केला तर रक्कम गोठवता येते म्हणतात, मी लाजेपायी आठ दिवस घालवले, तुम्ही घालवू नका.

माझं किट त्याच्याकडेच आहे, तो ते कधी ना कधी विकायला काढणार. एफएलचं सेकंडहँड किट कुणाला स्वस्तात कुणी देऊ केलं तर डब्याचं झाकण आतून बघा, कोपऱ्यात मी पेन्सिलीने लिहिलंय, "बाबांसाठी, ओझर".