होया घ्यायची तर साताऱ्याच्या या गच्चीवरून

साताऱ्यात गोडोलीकडे एका बाईंनी घराच्या गच्चीवर होयाची, म्हणजे मेणासारख्या फुलांच्या शोभेच्या वेलीची, रोपवाटिका केली आहे. पाटी नाही, दुकान नाही. आधी फोन करून शनिवार-रविवारी जायचं. मी सांगलीहून मुद्दाम जाते, कारण स्वतःच्या गच्चीवर फुललेल्या वेलीचीच रोपं त्या विकतात.

कुरिअरने येणारी होया बहुतेकदा दमट पॉलिहाउसमधून निघालेली असते. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की तिची पानं सुरकुततात, आणि वेल तहानलीय की मुळं कुजलीत हेच कळत नाही. इथली रोपं मात्र शेडनेटखाली उघड्या हवेत वाढलेली. माझ्या पश्चिमेच्या गॅलरीत पडद्याआड ठेवलेली प्युबिकॅलिक्स जातीची होया पहिल्याच उन्हाळ्यात नवा शेंडा फेकू लागली.

फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेला बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकतात, ती होया केरी. मी मागितली तर बाई सरळ नाही म्हणाल्या. “नुसत्या पानाला डोळा नसतो ताई. मुळं धरेल, वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण वेल व्हायची नाही.” आम्हा ऊसवाल्यांना हे लगेच पटतं, डोळा नसलेली टिपरी कोण लावेल? दोन पेरांची, मुळं धरलेली केरी त्यांच्याकडे चारशेला आहे. महाग वाटेल, पण ती वाढते.

लिनिअरिस या जातीवर माझा फार जीव होता. सुईसारख्या मऊ पानांची ती लोंबती वेल बघून कुणीही भुलेल. पण ती हिमालयातली, तिला गारवा लागतो. सांगलीला नेऊ नका, असं त्यांनी बजावलं आणि त्याऐवजी लॅक्युनोसा ही जात हातात दिली, अडीचशेला. नखाएवढी पांढरी, केसाळ फुलं, पण रात्री अख्खी गॅलरी दालचिनीच्या वासाने भरते. फुलं गळली की दांडा छाटू नका, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. पुढचा बहर त्याच दांड्यावर येतो.

रोप देताना पानांच्या बगला भिंगातून दाखवतात. पिठ्या ढेकूण तिथेच लपतो. सह्याद्रीतल्या होया वायटीबद्दल विचारलं, तर जंगलातून उपटून आणलेलं काहीही विकत नाही म्हणाल्या. मला हे फार आवडलं.

दोन गोष्टी सुधाराव्यात. कुंडीच्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असतं, पावसाळ्यात ते दिवसचे दिवस सुकत नाही. होया मुळात झाडांवर वाढणारी, तिच्या मुळांना हवा लागते. मी घरी आणल्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइटचे हलके पांढरे खडे आणि कोळसा घेऊन कुंडी बदलते. कुंडी लहानच ठेवते. मुळं दाटली की फुलं लवकर येतात. दुसरं, नावाची चिठ्ठी शाईने लिहिलेली असते, ती पाण्याने पुसते. जमवणाऱ्याला नाव हरवलं की फार चुटपुट लागते, म्हणून तिथेच पेन्सिलीने दुसरी लिहून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये त्या रोपं देत नाहीत, साताऱ्याच्या झडीत कोवळी कलमं कुजतात. कर्टिसी या होयासाठी मी ऑक्टोबरचं नाव लावून आले आहे.