गुहागर-देवगडला गाडीने जायचंय? समुद्राकाठनं जावं की गोवा हायवेनं

दिवाळी झाली की आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी हाच विषय निघतो. गाडी काढायची, टेंट टाकायचा, दोन रात्री समुद्रावर राहायचं आणि जाता जाता गावच्या माणसांना भेटून यायचं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं, मग अडतं ते रस्त्यावर. मी दोन्हीकडून बऱ्याचदा गेलोय, कारण माझी आत्या गुहागरच्या पुढे पालशेतला आणि बायकोचं माहेर देवगडजवळ, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. कुठला रस्ता जास्त सुंदर ते बघून ठरवू नका, तुमची माणसं कुठे राहतात ते बघा. श्रीवर्धन, दापोली, गुहागरकडे असतील तर किनाऱ्याने जा. रत्नागिरीच्या खाली असतील तर जाताना हायवेच धरा, नाहीतर दोन दिवस खाड्या ओलांडण्यातच जातील आणि माणसांच्या वाट्याला एक संध्याकाळ येईल फक्त.

किनाऱ्याचा रस्ता असा. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रोरोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीत चढवायची, तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याला जंगलजेट्टी म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, पलीकडे दिघी, मग दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता घ्याच, पाणी अगदी गाडीला लागून असतं. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला सावित्री नदीवर दुसरी फेरीबोट, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि दाभोळ. दाभोळला तिसऱ्या फेरीबोटीने वाशिष्ठी नदी ओलांडली की धोपावे, म्हणजे गुहागर तालुका. तशीच चौथी तवसाळ-जयगड, शास्त्री नदीवर, गुहागरकडून गणपतीपुळ्याला जाताना. जयगडच्या पुढे मात्र खाड्यांवर पूल आहेत, फेरीबोट लागत नाही.

या फेरीबोटी हीच या रस्त्याची मजा आणि हाच त्याचा त्रास. मुलांना गाडीतून उतरून कठड्याला उभं राहायला मिळतं, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका असतात, एसटी ज्या गावाला तासाभराने वळसा घालून पोचेल तिथे तुम्ही थोडक्या वेळात पोचता. पण वेळ आपल्या हातात राहत नाही. गेल्या जानेवारीत एका धक्क्यावर आमच्या पुढची शेवटची गाडी घेतली आणि फळी उचलली, पुढच्या फेरीला तासावर वेळ गेला, आणि तिकडे आत्या जेवायची थांबलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, सोलकढी करून ठेवलेली, दर दहा मिनिटांनी फोन, कुठे पोचलात. आम्ही तीनला पोचलो तोपर्यंत तिने घास खाल्ला नव्हता. तेव्हापासून मी किनाऱ्याने जाताना कोणालाही दुपारच्या जेवणाचं कबूल करत नाही, संध्याकाळच्या चहाला येतो सांगतो.

हायवेचं सांगायचं तर अटल सेतूवरून निघायचं, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडीला आता घाट टाळून बोगद्यातून, मग खेड आणि परशुराम घाट उतरून चिपळूण. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं आणि किती वर्षं रखडलं ते कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने कंबरेने मोजलंय. खेडच्या पुढे बराच रस्ता सुधारलाय, तरी पहाटे चारला निघा, माणगावच्या बाजारपेठेत दिवसा अडकलात की गेला तास. निसर्ग म्हणून हायवेवर सह्याद्री आहे, पण तो काचेतून. आई बरोबर असेल, गुडघे दुखत असतील, वेळेवर गोळ्या आणि चांगलं बाथरूम लागत असेल तर हायवेच बरा, यात मला शंका नाही.

आता टेंट. इथे दोन रस्त्यांत फरक खूप आहे. हायवेने गेलात तर कॅम्पिंग मुक्कामाच्या गावीच होणार, वाटेत नाही. किनाऱ्याने दिवेआगर, केळशी, आंजर्ले अशा सुरूच्या बनांचे मुक्काम मिळतात. पण परवानगी विचारल्याशिवाय टाकू नका, वाडी कोणाची तरी असते आणि गावात विचारलं की लोक उलट पाण्याची, संडासाची सोय करून देतात.

आणि हे नीट वाचा. मुंबईहून लोक हटकून पौर्णिमा बघून टेंट घेऊन येतात, चांदणं मिळावं म्हणून. पौर्णिमेला उधाण असतं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, आणि पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. म्हणजे तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हा महिन्यातलं सगळ्यात मोठं पाणी वर येतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ दिसते ना, तिच्याही बरंच वर, सुरूच्या आत टेंट लावा, किंवा सरळ अष्टमीच्या आसपास जा, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. माडाखाली तर अजिबात नको, नारळ आणि झावळी विचारून पडत नाहीत. खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या आणि दोरी त्यांना बांधायची. वरचं कव्हर थंडीतही घालाच, पहाटे दवाने सगळं भिजतं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर किनाऱ्याकडे झुकतं माप. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, आता आंजर्ले, गुहागरलाही होतं. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्याकडे सोडतात. माझ्या मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक पिल्लू लाटेने तीनदा मागे आणलं आणि चौथ्यांदा गेलं, ती तिथेच वाळूत बसून राहिली, उठायलाच तयार नाही. पण त्या दिवसांत त्या किनाऱ्यांवर टेंट नको आणि रात्री टॉर्च तर नकोच, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि भरकटतात. वेळासला गावात घरगुती राहायची सोय आहे, तिथेच राहा, उकडीचे मोदक सांगून ठेवा.

आम्ही स्वतः आता टेंट आत्याच्या खळ्यातच लावतो. पहिल्या वर्षी तिला पटेना, आत खोली मोकळी असताना पोर बाहेर मातीत झोपतंय म्हणून. रात्री दोनदा कंदील घेऊन बघून गेली, पहाटे पाचला चहा घेऊन टेंटच्या तोंडाशी बसली आणि मग उजाडेपर्यंत आजोबांच्या गलबताच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी चाळीस वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या. समुद्र चालत दहा मिनिटांवर, गाज ऐकू येते, भरतीची भीती नाही. तुमचं कोणाचं घर किनाऱ्यालगत असेल तर हाच पर्याय पहिला धरा.

देवगडला जायचं असेल तर आमचा क्रम असा असतो. जाताना हायवेने एका दमात, नांदगाव तिठ्यावरून आत, सासूबाईंकडे दोन दिवस पूर्ण. मग परत येताना विजयदुर्ग, जैतापूर, पूर्णगड करत रत्नागिरी, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, जयगडला गाडी फेरीबोटीत घालून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर आणि पालशेत. आत्याकडे एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणवरून हायवेने घरी. एकूण पाच दिवस लागतात. चार असतील तर देवगड किंवा गुहागर, एकच घ्या. सुट्टे पैसे बरोबर ठेवा, धक्क्यावर दर वेळी नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि गुहागर सोडायच्या आधी टाकी भरा. धोपाव्याला किंवा तवसाळला उतरलात की घरी फोन करा, त्याआधी नको.