चारा तपासणीचे दोन अहवाल, दोन अनुभव

एकाच मोसमात आमच्या तीन गायी व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसल्या. मिल्क फिवर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटणं. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उठल्या, पण तिसरी उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वैरणीत नेमकं काय जातंय ते कळावं म्हणून एका प्रयोगशाळेकडे दोनदा नमुने पाठवले.

पहिल्यांदा कमी खर्चाची एनआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी होणारी तपासणी घेतली. अहवाल लगेच आला. प्रथिनं आणि तंतूंचे आकडे पटण्यासारखे होते. खनिजांचं मात्र तसं नाही. ती या किरणांना थेट दिसत नाहीत, यंत्र इतर घटकांवरून अंदाज बांधतं. अहवालात याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, मी फोन केला तेव्हा कळलं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. त्या आकड्यांवर कुणी खनिज मिश्रण ठरवलं तर?

दुसऱ्यांदा रासायनिक तपासणी मागितली. यात नमुना आम्लात विरघळवून आयसीपी या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. वेळ जास्त लागला, पण डोळे उघडले. पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क भागावर लसूणघासात कॅल्शियम 1.4 टक्के, पोटॅशियम 3.1 टक्के. मक्याच्या मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यात) तेच 0.24 आणि 1.1. कॅल्शियम भरपूर म्हणून आटवलेल्या (दूध काढणं बंद केलेल्या) गाभण गायींना मी मुद्दाम लसूणघास जास्त घालत होते! एवढ्या पोटॅशियमनं रक्त अल्कधर्मी होतं, मग हाडांतलं कॅल्शियम सोडवणाऱ्या संप्रेरकाला शरीर नीट दाद देत नाही. व्याल्यावर चिकासाठी एकदम कॅल्शियम लागतं आणि तेव्हाच ते कमी पडतं. शेणकाला त्याच लसूणघासाच्या रानात ओतत होते, त्यानंही चाऱ्यातलं पोटॅशियम वाढतं, म्हणून तेही आता थांबवलं.

मुरघासात लोह आणि राख (नमुना जाळल्यावर उरणारा भाग) दोन्ही जास्त निघाली. प्रयोगशाळेतल्या सल्लागारांनी आधी विचारलं, "कापणी जमिनीला घासून करता का?" करत होतो. मातीच आत गेली होती. या माणसाला पूर्ण गुण.

नमुना कसा घ्यावा याची माहिती फारच त्रोटक होती. मी दहा ठिकाणांहून मूठ मूठ घेऊन, एकत्र कालवून, त्यातला भाग हवा काढलेल्या पिशवीतून पाठवला. शिवाय तांबं मोजतात, पण मॉलिब्डेनम आणि गंधक वेगळं मागावं लागतं. ही दोन्ही तांब्याला बांधून ठेवतात, त्यामुळे तांब्याचा एकटा आकडा अपुराच.

आटवलेल्या गायींना आता लसूणघास बंद, मुरघास आणि गव्हाचं काड सुरू. पुढच्या नमुन्यात सोडियम, क्लोराइड आणि गंधकही मोजून घेणार आहे.